निफाडची थंडी आणि आमचे खुराडे

निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि घडांना जपण्यासाठी द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. आमच्या बागेलगत चौदा गावरान कोंबड्या, एक कोंबडा आणि सहा बदके आहेत. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यासाठी आम्हांला एवढेच सुचले, की खुराडे चारही बाजूंनी प्लॅस्टिकच्या कागदाने घट्ट बांधून टाकावे.

आठवडाभराने एका पहाटे दार उघडले, तेव्हा आतल्या उग्र वासाने डोळे चुरचुरले. कागदाच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब लटकत होते, खालचे भाताचे तूस मुठीत दाबले की त्याचा गोळा होत होता, दोन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) शिंकत होत्या आणि कोंबड्याच्या तुऱ्याची टोके फिकट पडली होती. ती टोके पाहून माझ्या पोटात गोळा आला.

पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी तुरा तपासला. पारा शून्याखाली जातो अशा प्रदेशांत तुरा, चोचीखालच्या लाल पाळ्या आणि पायांची बोटे यांतल्या रक्तवाहिन्या आखडून मांस गोठते, त्याला हिमदंश म्हणतात आणि तसा भाग पुढे काळा पडून झडतो, असे त्यांनी समजावले. आमच्या कोंबड्याला तो झालेला नव्हता. "काका, पाखरांच्या श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर वाफ निघते. तिला वरून वाट ठेवा," असे ते म्हणाले.

त्याच दिवशी प्लॅस्टिक उतरवले. पाखरांच्या पाठीपर्यंतची बाजू गोणपाटाने झाकली, छताखाली वीतभर पट्टी जाळीचीच मोकळी ठेवली आणि ऊन चढले की पडदे वर गुंडाळण्याचा नेम धरला. ओले तूस काढून चार इंच कोरडे तूस पसरले. बसण्यासाठी गोल बांबूऐवजी रुंद, सपाट फळी लावली, कारण तिच्यावर कोंबडी बसली की तिच्या छातीची पिसे बोटांवर येतात.

बदकांनी मात्र मला खरेच विचारात पाडले. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या गार पाण्यात रानबदके पहाटे निवांत असतात, मग आपल्या बदकांना कसली थंडी, असे मी धरून चाललो होतो. त्यांच्या पायांकडे जाणारे उबदार रक्त परतणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देते, म्हणून पाय गार राहूनही अंग उबदार राहते, हे खरे आहे. पण बदके जमिनीवरच झोपतात, त्यांची विष्ठा पातळ असते आणि पाणी ती चोचीने चहूकडे उडवतात. खुराड्यातली सगळी ओल त्यांच्या पाण्याच्या घमेल्याभोवतीच होती. आता ते घमेले रात्री बाहेर असते आणि सकाळी चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके कोमट पाणी देतो. संध्याकाळी सर्वांना मूठभर भरडलेला मका जास्त पडतो, कारण तो पचताना अंगात ऊब धरतो.

पिल्लांची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या आठवड्यात त्यांना पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यावी लागते. मोजण्यापेक्षा मी त्यांच्याकडेच पाहतो: ती बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील, तर बल्ब खाली घेतो, आणि कडेला पांगून धापा टाकत असतील, तर वर करतो.

तुऱ्याला दोन आठवड्यांत पुन्हा लाली आली. तेव्हापासून रोज दार लावण्यापूर्वी मी तूस मुठीत दाबून पाहतो आणि ते सुटे होऊन बोटांतून गळले, की कडी घालतो.