पहिल्याच सत्रात रसायनशास्त्र घ्यावे

कॅलिफोर्नियातील ज्या कम्युनिटी कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, तिथले माझे बरेचसे विद्यार्थी घरातून कॉलेजात जाणारे पहिलेच आहेत. कुणाचे आईवडील शेतमळ्यांवर राबतात, तर कुणी स्वतः रात्रपाळी करून सकाळी प्रयोगशाळेत उभे राहते. राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत आणि तिथे पहिली दोन वर्षे करून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्याची वाट १९६० च्या उच्चशिक्षण आराखड्याने आखून दिली. आपल्याकडे पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्याच्याशी हे बरेच मिळतेजुळते आहे. विज्ञानाचे विद्यार्थी मात्र या वाटेवर फार अडतात, आणि ते बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे, हे मी ठामपणे सांगेन.

खरी अडचण विषयांच्या क्रमात आहे. सामान्य रसायनशास्त्राची दोन सत्रे झाल्याशिवाय सेंद्रिय रसायनशास्त्र घेता येत नाही आणि त्याचीही पुढे दोन सत्रे असतात. म्हणजे पहिले सत्र हुकले की दोन वर्षांचा हिशेब तिथेच बिघडतो. भौतिकशास्त्राकडे वळणाऱ्यांची तीच गत कॅल्क्युलसमुळे होते. तरीही नव्या विद्यार्थ्याला अनेकदा सल्ला मिळतो तो ‘आधी इंग्रजी, इतिहास उरकून घे, विज्ञान नंतर बघू’ असा. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण विज्ञानशाखेत प्रवेश देताना विद्यापीठे मुख्य विषयाची पूर्वतयारी पाहतात, आणि वाया गेलेले वर्ष गरीब विद्यार्थ्याला सर्वांत महाग पडते, कारण केंद्र सरकारचे पेल अनुदान आयुष्यभरात पूर्णवेळ बारा सत्रांइतकेच मिळते.

म्हणून मी प्रत्येकाला शेजारी बसवून ‘असिस्ट’ हे संकेतस्थळ उघडायला लावते. तिथे एका बाजूला विद्यापीठाचा विषय असतो आणि समोर त्याऐवजी चालणारा आपल्या कॉलेजातला विषय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्राचे वर्ष तिमाहींचे आणि आमचे सत्रांचे असल्यामुळे आमच्या दोन विषयांची जोडी तिथल्या तीन विषयांसमोर मांडलेली दिसते. ही जोडी अर्धवट सोडून विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्याला बहुधा तोच अभ्यास पुन्हा करावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाची डेव्हिससह सहा केंद्रे ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्यांना प्रवेशाची हमी देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यांत नाहीत. या हमीचा अर्ज सप्टेंबरमध्येच भरायचा असतो, हे ज्याला कुणी सांगितलेच नाही त्याची संधी ऑक्टोबर उजाडताच जाते.

१९७० मध्ये ओकलंडच्या एका शाळेत सुरू झालेला ‘मेसा’ हा गणित, अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आधार देणारा उपक्रम आता अनेक कम्युनिटी कॉलेजांत आहे आणि त्याच्या अभ्यासिकेचे मोल मला फार वाटते. एकटे अभ्यास करण्याची सवय लागलेली मुले तिथे एकाच फळ्याभोवती उभी राहून अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतात ते दाखवणारे बाण काढतात आणि एकमेकांना अडवून प्रश्न विचारतात. विद्यापीठातल्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात पहिल्या तिमाहीत गुण घसरतात, तेव्हा ही सवय त्यांच्या कामी येते.

सध्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगांची एक बॅच संध्याकाळी ठेवावी, ही मागणी आम्ही काही शिक्षकांनी विभागात लावून धरली आहे, कारण दुपारी एकच बॅच असली की दिवसा नोकरी करणाऱ्याला त्या एका विषयासाठी वर्षभर थांबावे लागते.