पांघरुणं ओढणाऱ्या आजी

आमच्या वृद्धाश्रमाच्या रात्रपाळीच्या रजिस्टरात या आजींच्या नावापुढे एकच वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं : ‘रात्री उठून इतरांना त्रास देतात.’ त्रास म्हणजे नेमकं काय, किती वाजता, कुणाला, त्याच्या आधी काय घडलं, यातलं काही कुणी लिहिलं नव्हतं. अशी नोंद लिहिणाऱ्याचं काम संपतं, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

मी इथे सिस्टर आहे, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेली. लातूर शहराच्या बाहेर, शेतांच्या मधे आमची इमारत आहे. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे गोळ्या देणं आणि अंघोळ घालणं. प्रत्यक्षात अर्धा दिवस कुणाची कवळी कुणाच्या वाटीत गेली, कुणाचा चष्मा कुणाच्या डोळ्यावर आहे, कुणाचं पोट किती दिवसांत साफ झालं नाही, यात जातो. आणि ते महत्त्वाचंच आहे. दुसऱ्याचा चष्मा लावून बसलेलं माणूस दुपारपर्यंत चिडचिडं होतं, आणि मग त्याच्या नावापुढे ‘स्वभाव भांडखोर’ असं लिहिलं जातं.

आजी सत्तरी ओलांडलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या. दिवसा शांत. तूर निवडायला दिली की तासन् तास बसतात, खडा एक सुटत नाही. रात्री मात्र उठायच्या आणि बाकीच्या बायकांची पांघरुणं ओढायच्या. एकदा कोपऱ्यातल्या एका आजींना त्यांनी दंडाला धरून खाटेवरून खाली ओढलं. दंडावर काळानिळा वळ उठला. त्यांची मुलगी दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन बसली आणि म्हणाली, एक तर यांना काढा, नाहीतर मी माझ्या आईला नेते. तिचं चूक नव्हतं.

व्यवस्थापनानं मला सांगितलं, डॉक्टरांकडून झोपेचं काहीतरी लिहून घ्या. त्याच रात्री एका अटेंडंटनं आजींचा हात ओढणीनं खाटेला बांधला. सकाळी ड्यूटीवर आल्या आल्या मी गाठ सोडली. मनगटाची कातडी सोललेली होती. त्या अटेंडंट मुलीवर मी ओरडले नाही. रात्री अख्ख्या हॉलला ती एकटी असते, पगार किती ते मला माहीत आहे, आणि बांधायचं नाही हे तिला कुणी कधी शिकवलेलंच नव्हतं. पण बांधलेलं माणूस शांत होत नाही, सुटायला धडपडतं. खाटेला कठडे लावले तर त्यांवरून चढायला बघतं आणि अधिक उंचावरून पडतं. झोपेच्या औषधानं अर्धवट गुंगीत उठतं, आणि या वयात एकदा खुब्याचं हाड मोडलं की पुष्कळ माणसं पुन्हा पहिल्यासारखी चालत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसोपचाराच्या ठिकाणीसुद्धा बांधण्यावर कडक बंधनं घातली आहेत. शिक्षा म्हणून किंवा कामाला माणसं कमी आहेत म्हणून तिथेही बांधता येत नाही. मग म्हाताऱ्या माणसांच्या घरात ते कसं चालेल?

आमचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. गोळी लिहून देणं त्यांना सोपं होतं. मी म्हणाले, सर, मला थोडा वेळ द्या. त्यांनी दिला. त्याबद्दल मी त्यांना मानते.

म्हातारं माणूस रात्री अस्वस्थ होत असेल तर आधी शरीर बघायचं, मग स्वभावाला नाव ठेवायचं. लघवीची जळजळ त्यांना सांगता येत नाही, म्हणून लघवी तपासून घेतली. ठीक होती. पोट साफ होतं. साखर बघितली, कूस बदलताना चेहरा आक्रसतो का बघितलं, गुडघे दाबून बघितले, कानातला मळ बघितला. काही सापडलं नाही. मग मी एक कागद आखला आणि रात्रपाळीच्या बायकांना दिला. त्यात किती वाजता उठल्या, आधी काय झालं, काय केलं, काय बोलल्या, कशानं थांबल्या, एवढंच लिहायचं होतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सकाळी मला सांगायचं.

कागद भरत गेला तसं एक दिसायला लागलं. एक आठवडा आजी रोज उठतात, जवळपास एकाच वेळी. पुढचा आठवडा शांत. मग पुन्हा रोज. माणसाचा आजार असा आठवड्याच्या हिशोबानं चालत नाही. मराठवाड्यात आठवड्यानं पाळी बदलते ती लाइटीची. आमच्या इमारतीत दिवे असतात चोवीस तास, पण बोअर शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीसाठीच्या वेगळ्या लाइनवर आहे. मोटारीला लागणारी थ्री-फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मोटारीला ऑटो बसवलेला. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि पाणी स्लॅबवरच्या टाकीत चढतं. टाकीला जाणारा लोखंडी पाइप बायकांच्या हॉलच्या मागच्या भिंतीला क्लॅम्प ठोकून वर नेलेला आहे. आजींची खाट त्याच भिंतीला.

रात्रीच्या पाळीचा आठवडा आला तेव्हा मी स्वतः रात्रपाळी मागून घेतली. साडेतीनच्या पुढे लाइट आली. आवाज फार नव्हता. पण मी भिंतीला तळवा लावला तर भिंत थरथरत होती. खाटेच्या लोखंडातही ते उतरलं होतं. आजींनी डोळे उघडले. उठून बसल्या. खाली वाकून फरशीवर हात टेकवला आणि काही क्षण तसाच ठेवला. मग उठल्या, पण दाराकडे गेल्या नाहीत. शेजारच्या खाटेकडेही नाही. थेट दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातल्या खाटेकडे गेल्या आणि पांघरूण ओढून म्हणाल्या, "उठा गं, उठा. भाईर निघा. भुई हालूलालीय."

ज्याला बाहेर पडायला सगळ्यात जास्त वेळ लागणार, त्याला आधी उठवायचं. त्या कोणाला त्रास देत नव्हत्या. माणसं बाहेर काढत होत्या.

मी कपाटातून त्यांची फाइल काढली. आधार कार्डावर औसा तालुक्यातलं गाव होतं, त्या पट्ट्यातलं. लातूरकराला त्यापुढे काही सांगावं लागत नाही. किल्लारीचा भूकंप. 30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून आलेली, दमून झोपलेली माणसं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं झोपलेल्या माणसांवर बसली. सरकारी आकडाही आठ हजारांच्या आसपास गेला. बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली. मी तेव्हा लहान होते. आमच्या घराला नुसत्या भेगा पडल्या, तरी आम्ही कितीतरी रात्री अंगणात झोपलो.

त्या रात्री मी आजींना अडवलं नाही. दिवा लावला आणि म्हणाले, "आजी, तुम्ही पुढं व्हा, मी मागच्यांना आणते." त्यांचा हात धरून व्हरांड्यात नेलं. आमच्या व्हरांड्यावर पत्रे आहेत. त्यांनी वर बघितलं, पत्रे दिसले आणि त्यांचा श्वास खाली बसला. भूकंपानंतर ती माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, पत्र्यावर त्यांचा विश्वास आहे. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "माय, माझी पोरगी निघाली का भाईर?"

आमच्या फॉर्मवर एकच मुलगा लिहिलेला आहे.

या फॉर्मबद्दल मला बोलायचंच आहे. त्यात बीपी आहे, शुगर आहे, ऑपरेशन कुठलं झालं आहे, डिपॉझिट किती भरलं आहे, आणि निधन झाल्यास कुणाला फोन करायचा हेही आहे. हे माणूस कशाला भितं, कशानं त्याला बरं वाटतं, कुणाकुणाला गमावून इथे आलं आहे, यासाठी ओळ नाही. एका प्रशिक्षणात आम्हाला टॉम किटवूड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं शिकवलं होतं : स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या वागण्यामागे मेंदूतल्या बिघाडाइतकंच त्याचं सगळं आयुष्य असतं, आणि आजूबाजूचे त्याच्याशी कसे वागतात तेही असतं. सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पण फॉर्म जुनाच छापला जातो.

सकाळी मी मुलाला फोन लावला. ते पुण्याकडे कंपनीत आहेत. "दादा, तुम्हाला बहीण होती का?" असं विचारल्यावर पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, सिस्टर, मी येतो.

आले. त्यांनी सांगितलं ते इथे थोडक्यातच लिहिते. आई पहाटे जनावरांना वैरण टाकायला गोठ्यात गेली होती म्हणून वाचली. ते स्वतः मिरवणुकीहून उशिरा येऊन चुलत्याच्या ओट्यावर झोपले होते म्हणून वाचले. बहीण मधल्या खोलीत होती, नऊ वर्षांची. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. आईनंही नाही. नव्या गावातल्या घरात आई कित्येक वर्षं दारातच खाट टाकायची, एवढंच त्यांना आठवत होतं. "हे तुम्हाला सांगायला पाहिजे असं वाटलंच नाही हो," ते म्हणाले. त्यांना कुणी विचारलंच कुठे होतं?

बदल करायचे ते साधे होते, पण एकेकासाठी भांडावं लागलं. ऑटो काढायला व्यवस्थापन तयार नव्हतं. त्यांचीही बाजू आहे. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर, इथे टाकी रिकामी राहायची भीती उगाच नसते. शेवटी ठरलं की रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात झोपायच्या आधी लाइट आली तर टाकी भरून घ्यायची, नाहीतर सकाळी सगळे उठल्यावर मोटार हातानं चालू करायची. पाइपच्या क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचं रबर घातलं. आजींची खाट भिंतीपासून काढून दाराजवळ आणली, दाराची कडी आतून त्यांना उघडता येईल अशी ठेवली, आणि उंबऱ्याजवळ रात्रभर बारीक दिवा. उन्हाळ्यात खाट सरळ पत्र्याखाली, मच्छरदाणी लावून. एका पाहुण्यानं विचारलं, पैसे घेऊन म्हातारीला बाहेर झोपवता का? त्याला मी सगळं समजावून सांगितलं. पटलं असं वाटत नाही.

वळ उठलेल्या आजींच्या मुलीलाही सांगितलं. ती औशाचीच निघाली. ती काही बोलली नाही, पण तिनं तक्रार मागे घेतली.

आता आजी क्वचित उठतात. जवळून मोठा ट्रक गेला, वीज गडगडली, की उठतात. उठल्या की तोच प्रश्न. तो प्रश्न कुठल्याही रबरानं थांबत नाही.

आमच्याकडे कामाला एक मावशी आहेत, वयानं मोठ्या, शाळा न शिकलेल्या. त्या बेधडक सांगतात, "निघाली माय, निघाली. कवाच निघाली." आजी हो म्हणतात आणि झोपतात. एकदा दुसऱ्या एका अटेंडंट मुलीनं खरं तेच सांगितलं, की आजी, त्याला तीस वर्षं होऊन गेली, ती गेली. आजींनी जो हंबरडा फोडला तो त्याच दिवशी लेक गेलेल्या बाईचा होता. सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं, पण दिवसभर जेवल्या नाहीत. खरं सांगून त्यांना रोज नव्यानं ते दुःख द्यायचं, हे मला मान्य नाही. पण मावशींसारखं ‘निघाली’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी म्हणते, "तिचं सांगा ना मला. कशी होती?" मग त्या सांगतात. वेणी घालू द्यायची नाही. गुळाच्या खड्यासाठी हट्ट करायची. सांगता सांगता कधी शांत होतात. कधी मात्र मधेच थांबून पुन्हा विचारतात, "पर निघाली का गं?" तिथे माझ्याजवळ काही नसतं.

मुलानं सांगितलं, सिस्टर, निघाली म्हणा, माझी परवानगी आहे. मी ते ऐकून घेतलं. पण परवानगी त्यांनी द्यायची की आजींनी?

कारण एका दुपारी तूर निवडता निवडता, मी काही विचारलेलं नसताना, आजी मला स्वच्छ म्हणाल्या, "माझी लेक भूकंपात गेली बाई. सगळे म्हणायचे सापडंल, सापडंल. तिसऱ्या दिवशी काढली. खोटी आस लई वाईट." आणि सूप पाखडायला लागल्या.

म्हणजे दुपारच्या आजींना सगळं माहीत आहे, आणि खोट्या आशेबद्दल त्यांचं मत पक्कं आहे. पहाटेच्या आजींना मात्र तीच आशा हवी आहे. माणसाच्या मनाप्रमाणे सेवा द्यायची असं आम्ही म्हणतो, आणि मला ते पटतं. पण यातल्या कुठल्या आजींचं मन धरू?

मावशींशी मी यावर बोलले. त्या म्हणाल्या, "दुपारच्याला दुपारचं सांगावं, रातच्याला रातचं." त्यांना ते जमतं. त्यांची रात्रपाळी असते तेव्हा मी त्यांना अडवत नाही.

आजींच्या फाइलीत मी आता एक हातानं लिहिलेला कागद लावला आहे. गाव, भूकंप, मुलगी, पत्रे, दाराजवळची खाट, तूर. उठल्यास हात धरून व्हरांड्यात न्यावं. मुलीबद्दल बोलू द्यावं. ‘निघाली का’ असं विचारल्यास काय म्हणावं, याच्यापुढची ओळ मी कोरी ठेवली आहे. असा कागद हॉलमधल्या प्रत्येकाच्या फाइलीत लावायला घेतला आहे, आणि नातेवाईक भेटायला आले की चहा देऊन त्यांना बसवून विचारते. फॉर्ममध्ये तशी जागा छापून घ्या, असा अर्ज व्यवस्थापनाकडे दिला आहे. पुढच्या छपाईच्या वेळी बघू, असं उत्तर आलं आहे.