गिटारपासून चार हातांवर

एखाद्या छोट्या क्लबमध्ये किंवा पबमध्ये बँड ऐकायला गेले की गिटारवादकाचा अँप्लिफायर कुठे ठेवला आहे ते मी सर्वांत आधी पाहते आणि त्याच्यापासून साधारण चार हातांवर, थोडी बाजूला, जागा धरते. अगदी समोर उभे राहिले तर वरच्या पट्टीतले स्वर कानाला टोचतात आणि फार मागे गेले तर गिटारचा मूळ आवाज विरून जाऊन मोठ्या स्पीकरमधून येणारा, सगळ्या वाद्यांचा एकत्र केलेला आवाज तेवढा उरतो. त्या चार हातांच्या अंतरावर मात्र बोट तारेवरून घसरल्याची खरखर ऐकू येते, ड्रमवादकाने काठी उचलली की पुढचा ठोका किती जोरात येणार याचा अंदाज बांधता येतो आणि गायिकेने घेतलेला श्वास माइकमधून येण्याआधी डोळ्यांना दिसतो. गेली तीसेक वर्षे मी ठाण्याहून मुंबईत आणि अधूनमधून पुण्यात जाऊन रॉक आणि ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत) ऐकत आले आहे. हे संगीत ज्या खोलीत वाजते ती खोलीही त्याचा एक भाग असते, अशी माझी या काळात पक्की खात्री झाली आहे.

सुरुवात मात्र खोलीत झाली नाही, ती उघड्या आकाशाखाली झाली. आमच्या घरात नाट्यसंगीताच्या आणि पंडित भीमसेन जोशींच्या कॅसेट असत, आणि थोरल्या भावाने आणलेल्या इंग्रजी कॅसेट दार लावून ऐकाव्या लागत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानेच मला धोबी तलावच्या रंगभवनात नेले. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारच्या या खुल्या नाट्यगृहात १९७८ साली ‘जॅझ यात्रा’ महोत्सव सुरू झाला होता आणि १९८६ पासून फरहाद वाडिया यांचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ तिथे दरवर्षी भरू लागला होता. लोक त्याला ‘आय रॉक’ म्हणत. ऑगस्टमधला कार्यक्रम असल्यामुळे पाऊस हा त्याचा कायमचा पाहुणा असे. कॉलेजातली मुले काळे टी-शर्ट घालून भिजत उभी राहत आणि न आवडलेल्या बँडला ती मुळीच दयामाया दाखवत नसत. १९८४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतलेल्या ‘रॉक मशीन’ या बँडचा तो काळ होता. उदय बेनेगल यांचे गाणे आणि महेश तिनईकर यांची गिटार ऐकताना मला पहिल्यांदा असे वाटले, की हे संगीत दूरच्या कुठल्या देशातून डब्यात भरून आलेले नाही, ते आपल्याच शहरातली माणसे आपल्या हातांनी करत आहेत. स्वतःची गाणी रचून ती अशा श्रोत्यांसमोर म्हणायला किती धैर्य लागत असेल, हे मला तेव्हा कळले नव्हते.

रंगभवनातले हे कार्यक्रम नंतर बंद पडले. केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला, आणि रंगभवनाला तर महाविद्यालय आणि रुग्णालये दोन्ही लागून होती. खुल्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. सणासमारंभांसाठी राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारा वाजेपर्यंत सवलत देता येते, तेवढाच अपवाद. याच नियमाने पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या बैठकी संपवल्या. पहाटेचे राग पहाटे ऐकण्याचे सुख गेले म्हणून माझे वडील हळहळले होते, आणि त्या वेळी आम्हा बापलेकीचे दुःख एकाच कारणाचे होते. रुग्णाला झोप मिळालीच पाहिजे, त्याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. खंत एवढीच आहे, की जी जागा गेली तिच्या बदल्यात शहराच्या मध्यावर, लोकलने येता-जाता येईल अशी, विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी दुसरी जागा उभी राहिली नाही. त्यानंतर हे संगीत भिंतींच्या आत गेले, आणि आत जाण्यासाठी पैसे लागतात.

भिंतींच्या आत गेल्यामुळे एक गोष्ट मात्र मला मिळाली, ती म्हणजे ब्लूज. मोठ्या मैदानावरच्या रॉकच्या गदारोळात मला ब्लूजची ओळख झालीच नव्हती. जुहूच्या एका क्लबमध्ये एका साध्या बुधवारी, पंचवीस-तीस माणसांसमोर एक तिघांचा बँड वाजवत होता, आणि त्यांची चार-पाच गाणी ऐकल्यावर माझ्या लक्षात आले, की प्रत्येक गाण्याखाली एकच सांगाडा आहे. प्रत्येकी चार मात्रांचे बारा खंड: पहिले चार षड्जाच्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीवर), पुढचे दोन मध्यमाच्या, पुन्हा दोन षड्जाच्या, मग एक पंचमाचा, एक मध्यमाचा आणि शेवटच्या दोनांत परत घरी. त्या शेवटच्या दोन खंडांत सगळे वादक एकमेकांकडे पाहतात आणि समेवर यावे तसे पुढच्या फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर येऊन पडतात. वडिलांच्या शेजारी बसून तबल्याचे आवर्तन हातावर मोजण्याची सवय असल्यामुळे हा फेरा मला लगेच मोजता आला, आणि एकदा मोजता आला की त्यात कोण काय वेगळे करतो आहे ते ऐकू येऊ लागते. गिटारवादक तार बोटाने वर ढकलतो, कोमल गंधाराला शुद्ध गंधाराकडे ओढत नेतो आणि दोघांच्या मध्येच कुठेतरी सोडून देतो. पेटीवर जो स्वर सापडणार नाही त्याच स्वरात ब्लूजचे सगळे दुखणे साठवलेले आहे. मींडेशी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याशी, त्याचे नाते आहे असे मी सरधोपटपणे म्हणणार नाही, कारण दोन्हींचा हेतू वेगळा आहे. पण मींड ऐकून तयार झालेल्या कानाला तो स्वर परका वाटत नाही, एवढे मी स्वानुभवाने सांगू शकते.

पुढे वाचन करताना समजले, की विजेच्या गिटारवरचा हा ब्लूज मुळात अशाच खोल्यांसाठी घडला होता. ब्लूजचा गायक आणि गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीतली शेती सोडून शिकागोला गेला, दिवसा कागदाच्या कारखान्यात काम करू लागला, ट्रक चालवू लागला आणि रात्री दारूच्या गुत्त्यांत वाजवू लागला. तिथल्या गोंगाटात साध्या गिटारचा आवाज पोहोचेना, म्हणून त्याने विजेची गिटार घेतली. म्हणजे तो आवाज रेकॉर्डिंग स्टुडिओच्या शांततेत जन्मलेला नाही. बोलणाऱ्या, पिणाऱ्या, दिवसभर राबून आलेल्या माणसांच्या गर्दीला भेदून जाण्यासाठी तो तसा झाला.

म्हणूनच डिसेंबर २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीताचे ठिकाण सुरू झाले, तेव्हा ती जागा मला विशेष बोलकी वाटली. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी जिथे राबून रात्री भजने म्हटली, शाहिरांचे पोवाडे ऐकले, १९८२ चा संप सोसला, त्याच परळात आता शेतमजुरांच्या आणि कारखान्यातल्या कामगारांच्या वेदनेतून आलेले एक संगीत वाजणार होते. अर्थात ऐकणारे कामगार नव्हते. तिथले एका ग्लासाचे दर पाहिल्यावर तसे म्हणण्याची कुणाचीही छाती झाली नसती, आणि ही बोच मला तिथे प्रत्येक वेळी जाणवत राहिली. पण जागा म्हणून ती फार विचारपूर्वक बांधलेली होती. आशुतोष फाटक आणि ध्रुव घाणेकर हे संगीतकार तिच्या संस्थापकांपैकी होते, आणि ते तिच्या रचनेवरून कळत असे. मंचाकडे तोंड करून गोल कप्प्यांसारख्या बैठका चढत्या उंचीवर मांडलेल्या असल्यामुळे कुणाच्याही डोक्याआड बँड लपत नसे, आणि आवाज इतका स्वच्छ असे, की बोलणारी माणसेसुद्धा हळूहळू गप्प होत. शिलाँगच्या ‘सोलमेट’ या ब्लूज बँडला मी तिथे ऐकले. रूडी वालांग यांच्या गिटारने टाकलेल्या प्रत्येक प्रश्नाला टिप्रिती खारबांगर आपल्या आवाजाने उत्तर देत होत्या, आणि एका संथ गाण्यात त्यांनी माइक तोंडापासून हातभर दूर नेऊन जो स्वर लावला, तो त्या खोलीत माइकशिवायच शेवटच्या बैठकीपर्यंत पोहोचला. त्या रात्री मी घरी आल्यावर बराच वेळ काहीही ऐकू शकले नाही. २०१६ मध्ये ‘ब्लू फ्रॉग’ बंद झाले.

वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून फेब्रुवारी महिन्यात भरू लागलेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवाबद्दल मी स्वतंत्रपणे लिहायला हवे. इथे मला त्यातला एकच प्रसंग सांगायचा आहे. चित्रीकरणासाठी बांधलेल्या त्या उंच छपराच्या दालनात हजारो माणसे होती आणि मी इतकी मागे होते, की मंचावरचा, शिकागोचा ब्लूज गिटारवादक बडी गाय मला बोटाएवढा दिसत होता. पंच्याहत्तरीच्या आसपासचा तो माणूस गिटार वाजवत वाजवत मंचावरून खाली उतरला आणि गर्दीत शिरला. शिकागोतल्या क्लबांमध्ये तो तरुणपणी गिटारला शंभर-दीडशे फुटांची वायर जोडून श्रोत्यांमधून, कधीकधी तर रस्त्यापर्यंत चालत जात असे, हे मी वाचलेले होते. पण तो माझ्यापासून खरोखरच चार हातांवर येऊन उभा राहिला आणि त्याने एक तार ओढून धरली, तेव्हा मला त्या सवयीचा अर्थ कळला. दालन मोठे असले तरी तो त्यातल्या त्यात आपली छोटी खोली सोबत घेऊन हिंडत होता. माझ्या शेजारी एक साठीचे गृहस्थ उघडपणे रडत होते, आणि मीही वेगळे काही करत नव्हते.

तरीही माझे मन आजही छोट्या जागांमध्येच अधिक रमते, आणि तिथले सगळेच अनुभव गोड नाहीत. एका पबमध्ये बँडच्या मागच्या भिंतीवरच्या पडद्यावर क्रिकेटचा सामना चालू ठेवला होता, आणि गायकाने डोळे मिटून गाण्याचा शेवट आणला त्याच क्षणी षटकार बसल्यामुळे टाळ्या पडल्या. त्याने डोळे उघडून आनंदाने सर्वांचे आभार मानले, आणि मागे वळून पाहिल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते मी विसरू शकलेले नाही. दुसरीकडे, ज्यांचे नाव पोस्टरवर कधीही येत नाही अशा माणसांचे कसबही याच जागांमध्ये जवळून पाहायला मिळाले. ध्वनिसंयोजन करणाऱ्या एका तरुणाने मला एकदा स्वतःहून सांगितले, “ताई, त्या कोपऱ्यात नका उभ्या राहू, तिथे बास साचतो. इकडे या, माझ्या बाजूला.” मग त्याने समजावले, की संध्याकाळी रिकाम्या खोलीत जुळवलेला आवाज माणसे भरल्यावर तसा राहत नाही, कारण अंगावरचे कपडे आणि अंगे आवाज शोषून घेतात. ड्रमचा आवाज कमी करण्याचे बटण नसते, म्हणून लहान खोलीत बाकी सगळ्यांना ड्रमच्या हिशेबाने राहावे लागते. आणि व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, अँप्लिफायर पुरेसा तापवून, पुरेसा मोठा केल्याशिवाय त्याचा तो किंचित फाटलेला, गोड आवाज येतच नाही. ट्विन रिव्हर्ब नावाचा ८५ वॉटचा मोठा अँप्लिफायर अशा खोलीत आणला तर एक तर तो दबून वाजवावा लागतो, नाही तर श्रोते पळतात. जाणता वादक त्याचाच लहान भाऊ, २२ वॉटचा डीलक्स रिव्हर्ब, उचलून आणतो आणि तो मोकळेपणाने वाजवतो.

मागच्या पावसाळ्यात अंधेरीच्या एका पबच्या पहिल्या मजल्यावर असाच एक तिघांचा बँड होता. दिवसभर पाऊस कोसळल्यामुळे गाड्या उशिरा धावत होत्या, आणि कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वाढपी सोडून आम्ही अकरा जण होतो. मी मोजले, कारण मोजण्याइतकेच होतो. बँडने वेळ कमी केला नाही आणि एकही गाणे गाळले नाही. तिसऱ्या गाण्यात गिटारची तार तुटली, तेव्हा बास वाजवणाऱ्या मुलीने ड्रमवादकाकडे नुसते पाहिले आणि दोघांनी बारा खंडांचा तो फेरा तसाच फिरता ठेवला. गिटारवादक खाली बसून नवी तार चढवत होता, आणि ती मुलगी दर फेऱ्यात पंचमावरून खाली उतरताना एखादाच स्वर बदलत होती. सहा की सात फेरे झाले असतील. आम्ही अकराही जण त्या एका बदलत्या स्वराची वाट पाहत होतो, आणि तो आला की कुणीतरी हलकेच “वा” म्हणत होते. तार चढली, त्याने ती कानाजवळ धरून जुळवली आणि चालू फेऱ्याच्या शेवटच्या दोन खंडांत नेमका आत शिरला.

कार्यक्रम संपल्यावर त्यांना सामान खाली न्यायचे होते आणि जिना अरुंद होता. माझी गाडी सुटायला अजून वेळ होता, म्हणून मी अँप्लिफायरची एक बाजू धरली. “जपून हं ताई, मागची जाळी गरम असेल,” गिटारवादक म्हणाला. ती खरोखरच गरम होती. खाली रस्त्यावर येईपर्यंत ती ऊब माझ्या हाताला लागत होती.