उलाळ गाडी, घाटाचा उतार आणि ट्रेलरची निवड

गेल्या डिसेंबरात बेळगावहून परतताना, जांबोटी सोडल्यावर एका मोकळ्या उतारावर माझ्या पिकअपच्या मागचा ट्रेलर डोलू लागला. ट्रेलर उसना आणलेला, एका आसाचा आणि बिनब्रेकचा होता, आणि त्यावर चिखल-जंगलात चालवण्यासाठी सजवलेली माझी मारुती जिप्सी बांधलेली होती. वेगाचा काटा साठच्या थोडा पुढे गेला असेल. आधी मागून कोणी हलकेच ढकलल्यासारखे वाटले, मग आरशात जिप्सीचे टप एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे दिसले, आणि तिसऱ्या हेलकाव्याला पिकअपची मागची चाकेच जागा सोडू लागली. मी ब्रेक मारला नाही; स्टीअरिंग सरळ धरून फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, आणि थोड्या अंतरात ट्रेलर शांत झाला. पुढचा सगळा चोर्ला घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरून केरीला पोहोचलो, तेव्हा पिकअपच्या चाकांतून लाइनर तापल्याचा उग्र वास येत होता. स्वतःचा ट्रेलर घ्यायचा निर्णय मी तेथेच, रस्त्याच्या कडेला उभा राहून घेतला, आणि त्यानंतरचे चार महिने तो निवडण्यात घालवले.

दोष त्या ट्रेलरपेक्षा आमच्या चढवण्याचा जास्त होता. मैदानात जागा अपुरी होती म्हणून जिप्सी उलटी, मागे तोंड करून चढवली होती. त्यामुळे इंजिन, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) आणि लोखंडी बंपर हा सगळा जड भाग आसाच्या मागे गेला आणि ट्रेलरचे नाक हलके झाले. माझ्या आजोबांकडे बैलगाडी होती. मागे भार जास्त झाला आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाऊ लागले की ते म्हणत, ‘गाडी उलाळ झाली.’ मोटारीच्या मागचा ट्रेलर उलाळ झाला तर हिच, म्हणजे गाडीच्या गोळ्यावर ट्रेलरचा कप बसवणारी जोडणी, त्याला वर उचलू देत नाही, म्हणून तो आडवा डोलतो, आणि वेग वाढेल तसा प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचच्या गोळ्यावर यायला हवा, हा बऱ्याच ठिकाणी मानला जाणारा हिशेब आहे. आमचा त्या दिवशी जवळपास शून्य असावा.

ज्यांना ऑफ-रोडिंगच्या, म्हणजे रस्ता सोडून चिखलात-जंगलात गाडी चालवण्याच्या, छंदाची ओळख नाही ते विचारतात की चालती जिप्सी चालवतच का नेत नाही. २०१४ मध्ये रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतातली पहिली स्पर्धा गोव्यात भर पावसाळ्यात झाली, आणि त्यानंतर आमच्याकडे चिखलासाठी गाड्या बांधणाऱ्यांची संख्या वाढत गेली. अशा बांधलेल्या गाडीचे मोठ्या नक्षीचे टायर डांबरावर भराभर झिजतात, तिचे गिअरिंग लांबच्या प्रवासाला सोयीचे राहत नाही, आणि मुख्य म्हणजे जंगलात मागची हाफ शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) तुटली तर ती घरी आणायची कशी, हा प्रश्न उरतोच. डिचोलीहून सत्तरीत किंवा सांग्यात जायचे असेल तर एखादे वेळी चालवत नेता येते. घाट चढून बेळगाव, दांडेली किंवा कोल्हापूरकडे जायचे असेल तर ट्रेलरला पर्याय नाही.

निवडीची सुरुवात वजनकाट्यावर करावी असे माझे ठाम मत झाले आहे. कंपनीच्या कागदावर सॉफ्ट टॉप जिप्सीचे वजन ९८५ किलो आहे. पण रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), विंच, लोखंडी बंपर, मोठे टायर आणि हत्यारांची पेटी धरून माझी गाडी काट्यावर १२५० किलो भरली. कागदावरच्या आकड्यावर विसंबून ट्रेलर घेतला असता तर तो पहिल्याच दिवशी अडीचशे किलोने कमी पडला असता. जिम्नी किंवा थारच्या मालकांनीही हाच हिशेब आपापल्या गाडीसाठी करावा, कारण सामान जोडत जाताना प्रत्येक वस्तू हलकी वाटते. त्यात ट्रेलरचे स्वतःचे वजन मिळवायचे, आणि मग आपली ओढणारी गाडी तेवढे ओढण्यासाठी आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे थांबवण्यासाठी योग्य आहे का, ते तिच्या पुस्तिकेत पाहायचे. हिचवर येणारा उभा भारसुद्धा पिकअपच्या मागच्या आसावरच बसतो, त्यामुळे हौद्यात सुटे टायर आणि डिझेलचे कॅन भरताना तो धरावा लागतो.

यानंतर ब्रेक. मी सर्वांत जास्त वेळ यावरच घालवला. दोन प्रकार समोर होते. पहिल्या प्रकारात पुढची गाडी मंदावली की ट्रेलर तिच्यावर रेलतो, त्या दाबाने नाकातला दांडा आत सरकतो आणि दांड्याला जोडलेल्या तारा ट्रेलरचे ड्रम ब्रेक ओढतात. यात विजेचा काही संबंध नाही. दुसऱ्या प्रकारात ट्रेलरच्या ड्रममध्ये विजेवर चालणारे चुंबक असतात आणि चालकाजवळच्या कंट्रोलरवरून ते पुढच्या गाडीच्या ब्रेकबरोबर किंवा वेगळेही लावता येतात. ट्रेलर डोलू लागला तर फक्त त्याचेच ब्रेक लावून त्याला मागून ताणून सरळ करता येते, हा या दुसऱ्या प्रकाराचा फार मोठा गुण आहे. शिवाय रेलून लागणारे ब्रेक लांब उतारावर सतत थोडेथोडे लागलेलेच राहतात, कारण खालच्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी रोखून धरली तरी ट्रेलर पुढे ढकलतच असतो. घाटाच्या दृष्टीने विचार केला तर विजेचे ब्रेक उजवे, हे मी मान्य करतो.

तरीही मी रेलून लागणारे ब्रेक घेतले, आणि त्याचे कारण आपली हवा आहे. जून ते सप्टेंबर चार महिने पाऊस, बाकीचे आठ महिने खारा वारा, आणि प्रत्येक फेरीनंतर प्लगमध्ये शिरलेला लाल चिखल, अशा स्थितीत ट्रेलरच्या दिव्यांचा सात पिनांचा प्लगसुद्धा मला दर महिन्याला घासून पुसावा लागतो. ज्या जोडणीवर माझा दिव्यांपुरताही पूर्ण विश्वास बसत नाही, तिच्यावर घाटातले ब्रेक सोपवण्यास मन धजले नाही. तारांचे ब्रेक डिचोलीतला कोणताही जाणता मेकॅनिक उघडून पाहू शकतो. घाटात मधे थांबून ड्रम थंड होऊ देणे ही त्याची किंमत आहे आणि ती मी देतो. ज्याच्याकडे गाडी बंदिस्त गॅरेजमध्ये राहते आणि प्लगची निगा काटेकोर असते, त्याने विजेचे घ्यावेत.

या प्रकारात एक बाब मात्र विक्रेत्याला स्पष्ट विचारावी. ट्रेलर मागे घेताना, विशेषतः चढावर, तोच दांडा आत ढकलला जातो आणि ब्रेक लागून बसतात. माझ्या घराचे फाटक रस्त्यापेक्षा उंचावर आहे आणि आवारात ट्रेलर नेहमी उलटाच घ्यावा लागतो. साध्या ड्रमने तो फाटकातच अडकला असता. उलट्या दिशेने चाक फिरताच लाइनर आपोआप सैल करणारे ड्रम मिळतात, तेच मी मागितले. हिच सुटल्यास ट्रेलरचा ब्रेक ओढणारी तार आणि नाकाखालून फुलीसारख्या लावलेल्या दोन साखळ्या यांवर तडजोड करू नये.

हिचच्या गोळ्याचे मापही डोळ्यांनी कळत नाही. एक माप ५० मिलिमीटरचे आणि दुसरे दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचे. दोन इंची कप ५०च्या गोळ्यावर बसतो खरा, पण सैल बसतो, आणि हा फरक व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) लावल्याशिवाय दिसत नाही. दोन्ही भागांवर कोरलेले आकडे वाचूनच जोडणी करावी.

एक आस की दोन, याचा निर्णय त्या उतारावरच्या अनुभवाने जवळजवळ आपोआप झाला. दोन आसांचा ट्रेलर रस्त्यावर स्थिर चालतो आणि एक टायर फुटला तरी लगेच कोसळत नाही. त्याचा तोटा असा की चार टायर सांभाळावे लागतात आणि अरुंद वळणावर ते आडवे घासतात. स्प्रिंगमध्ये रबरी टॉर्शन आस (आतल्या रबरावर झटके झेलणारे) टापटीप दिसतात, पण मी पाटे घेतले, कारण पाटा तुटला तर साखळी शहरात किंवा फोंड्यात त्याच दिवशी दुसरा मिळेल. दोन आसांच्या ट्रेलरचे नाक वर उचललेले राहिले तर भार मागच्या आसावर सरकतो, म्हणून हिचची उंची अशी ठेवावी लागते की डेक जमिनीला समांतर राहील.

रुंदीचा प्रश्न गोव्यात वेगळाच आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर कोणताही ट्रेलर मावतो, पण आमच्या वाड्यांतल्या वाटांना दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे आहेत आणि समोरून कदंबची बस आली तर कोणाला तरी मागे जावेच लागते. चाकांवर उचललेला डेक अरुंद मिळतो, पण त्यावर जिप्सी फार उंच बसते. मी चाकांच्या मधला खाली बसलेला डेक घेतला. जिप्सीची रुंदी १५४० मिलिमीटर असल्याने ती दोन मडगार्डांच्या मधे बसते, आणि ट्रेलर एकूण पिकअपपेक्षा थोडाच रुंद झाला आहे.

डेकची उंची ६० सेंटिमीटर आहे. १.८ मीटरच्या फळ्या लावल्या तर चढ साधारण साडेएकोणीस अंशांचा होतो, आणि २.४ मीटरच्या लावल्या तर साडेचौदा. चिखलाने माखलेल्या टायरला हा पाच अंशांचा फरक फार जाणवतो, म्हणून फळ्या जड झाल्या तरी लांबच घेतल्या. डेकच्या चेकर्ड प्लेटवर (उठावाची नक्षी असलेल्या पत्र्यावर) लाल माती ओली झाली की साबण लावल्यासारखे टायर घसरतात. चाकांच्या दोन पट्ट्यांत जाळीदार पत्रा वेल्ड करून घेतल्यापासून ती भीती गेली. डेकच्या पुढच्या टोकाला एक मजबूत कडीही लावली आहे, म्हणजे जिप्सी बंद पडली तरी बॅटरी शाबूत असेल तर ती स्वतःच्याच विंचने वर चढते.

सांगाड्यासाठी बंद चौकोनी नळ्यांऐवजी उघडे चॅनल निवडले, कारण नळीत शिरलेला चिखल बाहेर येत नाही आणि लोखंड आतून खाल्ले जाते. सगळे वेल्डिंग आणि सगळी भोके पूर्ण झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून घेतलेला सांगाडाच आपल्या किनाऱ्यावर टिकतो. नंतर एक जरी भोक पाडले तरी गंज तेथून सुरू होतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते. फॅब्रिकेटरकडे बिनकागदाचा ट्रेलर बराच स्वस्त मिळतो, पण विक्री प्रमाणपत्र आणि रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र देणाऱ्याकडूनच घ्यावा आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आरटीओत जाऊन विचारावे.

ट्रेलर घरी आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही पुन्हा वजनकाट्यावर गेलो. जिप्सी चढवून, पिकअप सोडून, ट्रेलर एकटा तोलला: १८१० किलो. मग पिकअप जोडून फक्त ट्रेलरची चाके काट्यावर ठेवली: १६७० किलो. म्हणजे हिचवर १४० किलो, आठ टक्क्यांच्याही आत. आसांच्या मध्यापासून हिच ३.२ मीटरवर आहे, तेव्हा १२५० किलोंची जिप्सी १५ सेंटिमीटर पुढे सरकवली तर हिचवर सुमारे ५९ किलो वाढायला हवेत, असा हिशेब मी वहीच्या कागदावर मांडला. पट्टे सोडून गाडी तेवढी पुढे घेतली, चारही चाकांचे रॅचेट पट्टे पुन्हा आवळले आणि परत तोलले. काट्यावर १६१० आले. २०० किलो, म्हणजे अकरा टक्के, आणि हिचच्या पाटीवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. काट्यावरचे काका तिसरी पावती फाडताना म्हणाले, “चिऱ्यांचा ट्रकवाला एकदाच तोलतो हो, तुम्ही एवढीशी गाडी किती वेळा तोलणार?” मी त्यांच्याकडेच ब्रश मागितला, आणि पुढची चाके जेथे थांबली होती तेथे डेकवर पांढऱ्या रंगाने दोन रेघा ओढल्या.