येथील सर्व कुशल

गेल्या जुलैत इटलीतील पेरूजाहून उंबेर्तीदेमार्गे मोंतोने या टेकडीवरील तटबंदीच्या गावी गेलो, तेव्हा माझ्या पिशवीत आजोबांचे एक पत्र होते. तारीख १४ जुलै १९४४, आणि गावाच्या नावावर सेन्सॉरने फासलेली काळी शाई. आपला वीस वर्षांचा मुलगा कोणत्या मुलखात आहे, हे माणगावजवळच्या आमच्या घरी त्या पत्रावरून कोणालाच कळले नसणार.

‘तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि. येथील सर्व कुशल,’ अशी पेन्सिलीने लिहिलेली सुरुवात आहे. पुढे सगळी घरचीच चौकशी: खालच्या खाचरातील लावणी उरकली का, बांध फुटला नाही ना, मनीऑर्डर पोहोचली का, आईचा खोकला कसा आहे. इटलीबद्दल एकच वाक्य आहे: ‘इकडे गव्हाची कापणी चालू असून येथील बैल पांढरेशुभ्र व आपल्या ढवळ्याच्या दीडपट उंच आहेत.’ सेन्सॉरने गाव पुसले, बैल मात्र राहू दिले.

आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. त्याच पलटणीतील नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातील पळसगावचे, पत्राच्या चार दिवस आधी, १० जुलैला, टायबर नदीच्या याच वरच्या खोऱ्यात पडले. जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील बाकीचे सर्व जवान ठार वा जखमी झाले असता ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले; हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळीने टिपले आणि मॅगझिन बदलण्याइतकाही वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तेथेच कोसळले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले आणि इटलीतीलच कासिनो येथील युद्धस्मारकावर त्यांचे नाव कोरले गेले.

आपल्याच तालुक्यातला माणूस गेल्याचे आजोबांच्या कानी चार दिवसांत आले नसेल, असे मला वाटत नाही. तरीही त्यांनी ‘सर्व कुशल’ लिहिले. लहानपणी मला ती केवळ पत्राची रीत वाटे; मोंतोनेत २०२३ मध्ये घाडगे यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या सूर्यघड्याळासमोर ते पत्र पुन्हा वाचताना, घरच्यांना घोर लागू नये म्हणून एका पोराने केवढे ओझे त्या दोन शब्दांखाली दडवले होते, ते मला जाणवले आणि पुढची ओळ वाचवेना. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे बोधवाक्य या स्मारकाला दिलेले आहे.

संध्याकाळी खोऱ्यात उतरताना रस्त्याकडेच्या एका गोठ्यापाशी थांबलो. आत कियानीना जातीचा पांढरा बैल रवंथ करत उभा होता आणि त्याच्या खांद्याचे हाड माझ्या खांद्याच्याही वर येत होते. आजोबांनी दीडपट लिहिले होते, ते खरेच होते.