चाकांनी फरशी खराब होते म्हणे

कुठल्याही सरकारी खिडकीवर अर्ज द्यायला जाल तर दोन प्रती न्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. हे आधी सांगून टाकते, कारण बाकीचं सांगताना माझं डोकं तापतं आणि कामाची गोष्ट राहून जाते.

नागपुरात रोलर डर्बीची, म्हणजे स्केट्सवर खेळायच्या एका सांघिक खेळाची, बायकांची हौशी लीग उभी करायची म्हटल्यावर अडचण स्केट्सची येईल, पैशांची येईल, घरच्यांची येईल असं वाटलं होतं. घरचे आठवडाभरात गप्प झाले. संस्थेची नोंदणीही झाली. त्याला किमान सात सभासद लागतात, आम्ही त्याहून जास्त होतो. कुणी इतवारीतून, कुणी मनीष नगरातून, एक हिंगण्याहून स्कूटीवर येणारी नर्स, एक दाताची डॉक्टर, दोघी शाळेत स्केटिंग केलेल्या आणि बाकी जन्मात कधी चाकांवर उभ्या न राहिलेल्या. अडकलो ते फरशीवर.

या खेळाला जागा लागते. ट्रॅक लंबगोल, त्याची रुंदी १३ ते १५ फूट, आणि बाहेरची मोकळी पट्टी धरली तर साधारण १०८ बाय ७५ फूट. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर, म्हणजे नुसता ट्रॅकसुद्धा रुंदीत त्यात मावत नाही. बाहेर डांबरावर खेळावं तर मे महिन्यात नागपुरात सकाळी आठलाच चटके बसतात, आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीवर चाक कुठे जाईल याचा नेम नाही. कॉलन्यांमधले लहान मुलांचे रिंक बघितले. संध्याकाळी ते मुलांनी भरलेले, आणि पाचजणी एकदम वळल्या की कठडा आलाच. मग उरला तो हॉल. नाव घेत नाही. सरकारी आहे, बॅडमिंटनची कोर्टं आहेत, सकाळी लवकर जवळजवळ रिकामा असतो. आम्हाला सात वाजायच्या आतला वेळ हवा होता, भाडं भरून.

फॉर्मवर ‘खेळाचे नाव’ असा रकाना, आणि त्यापुढे छापील यादी. बॅडमिंटन, टेबल टेनिस, कबड्डी, ज्युडो, योगासने. स्केटिंग होतं, पण त्यापुढे कंसात ‘१४ वर्षांखालील’. मी खाली हाताने ‘रोलर डर्बी’ लिहिलं. खिडकीतल्या बाबूंनी ते दोनदा वाचलं.

‘‘हे काय हाये मॅडम?’’

मी सांगितलं. नागपूरच्या माणसाला हा खेळ कबड्डीतून सांगावा, पटकन कळतो. दोन संघ, ट्रॅकवर प्रत्येकी पाचजणी. एकीच्या हेल्मेटवर तारा, ती जॅमर, म्हणजे आपली चढाई करणारी. बाकी चौघी ब्लॉकर. जॅमरने समोरच्या ब्लॉकरांच्या घोळक्यातून वाट काढून एक फेरी मारायची. पहिल्या खेपेला गुण नाहीत, पुढच्या प्रत्येक खेपेला ओलांडलेल्या खेळाडूमागे एक गुण. एक जॅम, म्हणजे एक डाव, जास्तीत जास्त दोन मिनिटांचा, सामना एकूण साठ मिनिटांचा.

‘‘अन् ब्लॉकर काय करते?’’

‘‘अडवते. खांद्याने, कमरेने.’’

‘‘बाप्पा! बायका एकमेकीले धक्के मारतेत का याच्यात?’’

इथून पुढे आमच्या अर्जाचे हाल सुरू झाले. कोपर मारता येत नाही, पाठीत धक्का चालत नाही, डोक्याला हात लावायचा नाही, तसं केलं तर तीस सेकंद बाहेर बसवतात, हे सगळं मी सांगितलं. ‘‘ते बरोबर हाये, पण पोलीस परवानगी आणा.’’ सरावाला? सरावाला. पोलीस ठाण्यात गेलो तर तिथल्या मॅडम हसल्या. प्रेक्षक नाहीत, मिरवणूक नाही, लाऊडस्पीकर नाही, परवानगी कशाची देऊ? तेच लेखी द्या म्हटलं तर म्हणाल्या, नसलेल्या गोष्टीचं पत्र कसं देणार. परत खिडकीवर. आता साहेब मीटिंगला. नंतर साहेब रजेवर. नंतर फाईल ‘वर’ गेलेली. त्या इमारतीत वरती फक्त गच्ची आहे, एवढं मी तोवर बघून ठेवलं होतं.

दरम्यान एक नवीन प्रश्न. हा खेळ कधी निघाला, कोणत्या संघटनेचा? मी लिहून दिलं. १९३५ मध्ये शिकागोत लिओ सेल्टझरने सुरू केला, आताचं रूप २००१ पासून टेक्सासच्या ऑस्टिन शहरात बायकांनी उभं केलं, आंतरराष्ट्रीय संघटना ‘वर्ल्ड स्केट’च्या यादीत हा खेळ आहे. कागद फाईलला लागला. त्याचा काही उपयोग झाला असं वाटत नाही, पण फाईल जाड झाली.

खरं कारण शेवटी बाहेर आलं, तेही चहाच्या टपरीवर, एका शिपाईदादांच्या तोंडून. ‘‘ताई, साहेबांले वाटते चाकानं फरशी खराब होते.’’ एवढंच! लाकडी कोर्ट, त्यावर ओरखडे आले तर जबाबदार कोण. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर? पण तसा रकाना फॉर्मवर नव्हता ना.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला: दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प आणि एकच प्रश्न, की अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर काय कार्यवाही झाली. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. भांडायला जाऊ नका, एवढंच विचारा. आणि त्याच आठवड्यात साहेबांना सांगितलं, तुमच्याच हॉलमध्ये, तुमच्यासमोर, दहा मिनिटं चालवून दाखवतो.

साहेब आले. आमची हिंगण्याची नर्स ट्रॅकसूटवर, गुडघ्याला ढाली बांधून, कोर्टाच्या कडेने गोल फिरली, मग मुद्दाम एकाच जागी कच्चकन थांबली. साहेब खाली वाकले आणि त्या जागेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. काही नाही. मग दुसरीकडे फिरवलं. चाकं पॉलीयुरेथेनची असतात, ती डाग सोडत नाहीत. पुढचा रबरी स्टॉपर काळा असेल तर तो सोडू शकतो, म्हणून आम्ही फिक्या रंगाचे लावून नेले होते. तिसऱ्या ठिकाणी नख फिरवल्यावर साहेब म्हणाले, ‘‘हमीपत्र द्या.’’ स्टॅम्प पेपरवर दिलं. माहिती अधिकाराच्या उत्तराआधीच परवानगीचं पत्र आलं. त्यात खेळाचं नाव ‘स्केटिंग (महिला)’ असं आहे. असू दे.

ज्यांना असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी, आठवेल तसं. स्केट्स क्वाडच घ्या, म्हणजे पुढे दोन मागे दोन चाकं. एका रांगेतली नकोत. सीताबर्डीच्या दुकानांत आम्हाला मुलांचे, लांबी कमी-जास्त होणारेच मिळाले, मोठ्या मापाचे ऑनलाइन मागवावे लागले. किंमत इथे लिहीत नाही, नवरा हे वाचतो. गुडघ्याच्या ढालींवर मात्र कंजूषी नको, सायकलवाल्या पातळ पट्ट्या पहिल्याच आठवड्यात फाटल्या. माऊथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचं असतं, आमच्या डॉक्टरणीने सगळ्यांचं रांगेत बसवून केलं. चाक गुळगुळीत फरशीवर घसरत असेल तर मऊ घ्या.

आणि आधी पडायला शिकवा. गुडघ्यावर पडायचं, पडताच बोटं मुठीत, नाहीतर मागून येणारीचं चाक त्यावरून जातं. आमचा पहिला पूर्ण महिना पडण्यातच गेला.

ट्रॅकच्या कडेला टेपखाली दोरी घालतात, म्हणजे हद्द पायाला कळते. हॉलमध्ये टेप रोज लावून रोज काढावी लागते, त्यासाठी सरावाआधी अर्धा तास धरा. आता दोन संघ होतात, पण पूर्ण सामन्याला स्केट्सवरचे सातपर्यंत रेफरी लागतात आणि आमच्याकडे तीनच आहेत, त्यातला एक माझा भाऊ, ज्याला अजून उलटं स्केटिंग जमत नाही.