मॉकला मिळालेली दशांश संख्या आणि टॉलरन्स

बेळगावच्या उद्यमबागेतील मशीनशॉपसाठी मापांचे सॉफ्टवेअर लिहिताना टॉलरन्स हा शब्द दिवसभर कानावर पडतो. ड्रॉइंगवर २५ मिलिमीटरच्या शाफ्टपुढे ±०.०२ लिहिलेले असते आणि त्या मर्यादेत बसणारा जॉब पास होतो. मात्र त्याच सॉफ्टवेअरच्या युनिट टेस्टमध्ये (कोडचा एकेक छोटा भाग तपासणाऱ्या चाचणीत), मॉकला, म्हणजे खऱ्या क्लासच्या जागी ठेवलेल्या नकली क्लासला, कोणती संख्या मिळाली हे तपासताना, आपण पुष्कळदा तंतोतंत बरोबरी मागतो.

समजा, मोजलेल्या २५.०२ मधून २५ वजा करून येणारा फरक रिपोर्ट लिहिणाऱ्या क्लासकडे जातो, त्या क्लासच्या जागी टेस्टमध्ये मॉक आहे आणि आपली अपेक्षा ०.०२ ची आहे. पायथनमध्ये ही वजाबाकी ०.०१९९९९९९९९९९९९९५७४ येते, कारण २५.०२ ही संख्या संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत नेमकी मांडता येत नाही आणि वजाबाकीत पुढचे २५ निघून गेले की ती सूक्ष्म तफावत उघडी पडते. पायथनचा मॉक साधी बरोबरी तपासतो. त्यामुळे हिशेब योग्य असूनही टेस्ट फेल होते.

अपेक्षित संख्येच्या जागी पायटेस्ट या पायथनच्या टेस्ट-साधनातले अप्रॉक्स, म्हणजे थोडा फरक चालवून घेणारी तुलना, दिले की काम होते, कारण बरोबरी कशी ठरवायची हे तेच ठरवते. जावात मॉकिटो या मॉक बनवणाऱ्या लायब्ररीच्या अ‍ॅडिशनलमॅचर्समध्ये डेल्टा (चालणारा फरक) घेणारा ईक्यू हा मॅचर, म्हणजे मिळालेली किंमत जुळते का हे तपासणारा नियम, आहे (एका आर्ग्युमेंटला, म्हणजे पाठवलेल्या किमतीला, मॅचर दिला की बाकीच्यांनाही द्यावाच लागतो), तर सी प्लस प्लसच्या गूगल मॉकमध्ये डबलनिअर आहे.

खरा विचार करायचा तो टॉलरन्स किती ठेवावा याचा, आणि इथे माझे मत ठाम आहे: ड्रॉइंगवरचा ±०.०२ उचलून टेस्टमध्ये घालू नये. अपेक्षाही ०.०२ आणि टॉलरन्सही ०.०२ असेल, तर मॉकला सरळ शून्य पाठवणारा कोडसुद्धा पास होईल. ड्रॉइंगवरची सूट लोखंड कापणाऱ्या यंत्राला दिलेली असते. वजाबाकीला ती देण्याचे काहीच कारण नाही. रिपोर्टमध्ये मायक्रॉनपर्यंत (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत) आकडा छापला जात असेल, तर मायक्रॉनच्या हजाराव्या भागाइतका, म्हणजे ०.०००००१ मिलिमीटर, टॉलरन्स मला योग्य वाटतो.

अपेक्षित फरक शून्य असेल तेव्हा तर हा आकडा स्वतःच लिहावा. अप्रॉक्सची एरवीची सूट अपेक्षित संख्येच्या दहा लाखाव्या भागाइतकी असते. शून्यापाशी ती उरत नाही आणि एक लाख कोटीव्या भागाची ठरावीक सूट तेवढी राहते. मापे मायक्रॉनमध्ये साठवली, तर २५,००० च्या आसपास शेजारच्या दोन डबल (दशांश संख्या साठवण्याचा संगणकातला प्रकार) संख्यांमधले अंतरच त्या सुटीच्या साडेतीन पटींहून अधिक भरते, म्हणजे शेवटच्या एका बिटाच्या फरकानेही टेस्ट फेल होते.